पाहुण्यांच्या शुभहस्ते बिनविरोध

त्या माणसाचं भाषण मला मनापासून आवडलं होतं, आणि माझा सगळा संताप त्याचाच आहे. आवडलं नसतं तर मी त्याला केव्हाच विसरून गेले असते. आमच्या गावात येऊन चांगल्या गोष्टी सांगून जाणारे काय कमी आहेत? आमदार येतात, महाराज येतात, कंपनीवाले येतात, चहा पितात, शाल घेतात, जातात. कुणाचं काही लक्षात राहत नाही. हा पाहुणा मात्र आफ्रिकेतल्या एका देशाचा माजी पंतप्रधान होता आणि त्याचा शब्द न् शब्द माझ्या डोक्यात बसला आहे. अजूनही आठवला की भाकरी थापताना माझा हात जोरात पडतो, आणि सासूबाई आतून विचारतात, आज कुणावर राग काढून राह्यली?

आमचं गाव टेंभुर्णीच्या पुढं, जाफराबाद तालुक्यात. रस्त्यावरून बघितलं तर शेतं कमी आणि पांढऱ्या जाळीची शेडनेटच जास्त दिसतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी. पण खायला नाही, बियाण्याला. जालन्याच्या कंपन्या ते बियाणं घेतात आणि कुठं कुठं पाठवतात. त्यातल्याच एका कंपनीचं बियाणं ह्या पाहुण्याच्या देशात जातं. साहेबांना बियाणं तयार होताना बघायचंय, असा कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला आणि गाव कामाला लागलं. मंडप, खुर्च्या, भोंगा, फेटे, सगळं मारुतीच्या देवळासमोर. आमच्याकडं पाहुणा पाणी प्याला की नाही हे नंतर बघतात, आधी सत्कार.

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याच दिवसांत आमची ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. सरपंच थेट लोकांतून निवडायचा आणि जागा बाईसाठी राखीव. मी उभी राहणार होते. मी बी.ए. झालेली. लग्नानंतर टेंभुर्णीच्या एका इंग्रजी शाळेत काही वर्षं शिकवलं, शाळा बंद पडली तशी घरच्या शेडनेटमध्ये घुसले. शाळेतली नोकरी मिळाली ती सासऱ्यांच्या ओळखीनं. गावात मान मिळतो तो नवऱ्याच्या आडनावाला. बचत गटाची अध्यक्ष झाले, कारण दुसरी कुणी बँकेत जायला तयार नव्हती. माझ्याकडं बघून, मला ओळखून, आम्हाला हीच पाहिजे, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मला ते एकदा ऐकायचं होतं, मशीनच्या बटणातून का होईना. आणि ते ऐकायला नाही मिळालं, मी पडले, तरी चालणार होतं. हे मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलेलं होतं.

त्यासाठी मी घरोघर फिरले. नेटमध्ये कामाला येणाऱ्या बायकांना दिवसभर आडोशाला जायची सोय नाही, सकाळी घरून निघताना त्या पाणीसुद्धा जपून पितात. पुरुषांना हे जन्मात सुचलं नसतं. मी बोलले तेव्हा बायका आधी हसल्या, मग जवळ सरकल्या, मग म्हणाल्या, राहा उभी. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी इतक्या वर्षांत मला धड चहा घे म्हटलेलं नाही. त्यांचं वेगळं घर, वेगळं नेट, आमचं बोलणंही कामापुरतं. त्यासुद्धा ओट्यावरून म्हणाल्या की मत तुलाच देते, बोलायला कशीही असलीस तरी खोटी नाहीस तू. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

अडचण होती ती गावाच्या रीतीची. आमच्याकडं सरपंच निवडून येत नाही, ठरतो. निवडणूक लागली की देवळासमोर गाव बसतं आणि जो देवळाला सगळ्यांत मोठी देणगी जाहीर करील त्याच्या घरचा माणूस बिनविरोध. बाकीच्यांनी फॉर्मच भरायचा नाही. ह्याला लिलाव म्हणायचं नाही, कायद्यानं गुन्हा आहे, देणगी म्हणायचं. आणि गावाला ह्याचा भारी अभिमान! तंटा होत नाही, दारू वाहत नाही, भाऊ भावाच्या अंगावर जात नाही, देवळाचं काम होतं. मागच्या खेपेला एका गुत्तेदारानं, म्हणजे सरकारी रस्त्या-नाल्यांची कामं घेणाऱ्यानं, ते पद घेतलं. त्यानंतर गावात झालेली नाली त्याच्याच माणसांनी केली आणि वर्ष जायच्या आत खचली. कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? देवळाचा कळस त्यानं दिलेला.

मी ठरवलं होतं, त्या बैठकीकडं फिरकायचंच नाही. घेऊ देत कुणाला घ्यायचं ते. मी तहसीलला जाऊन फॉर्म भरणार, म्हणजे मतदान घ्यावंच लागेल. गाव शिव्या देईल, देऊ दे. नवऱ्याला बजावून सांगितलं की तुम्ही त्या बैठकीत तोंड उघडायचं नाही. तो बराबर आहे म्हणाला. माझा नवरा कशालाच नाही म्हणत नाही, तिथंच तर घात आहे.

आणि आमच्या शहाण्या मंडळींनी काय करावं? पाहुण्यासाठी मंडप घातलाच आहे, भोंगा लावलाच आहे, गाव जमणारच आहे, तर देणगीची बैठकही त्याच दिवशी उरकून घेऊ, असं ठरवलं. दोन-दोनदा खर्चा कशाला! ह्यात काही विचित्र आहे असं एकाही माणसाला वाटलं नाही.

पाहुणे आले. उंच, केस पांढरे, आवाज खोल. पोरांनी मोबाईल पुढं करकरून त्यांना भंडावून सोडलं, पण ते कुणावर चिडले नाहीत. फेटा बसवून घेतला, नारळ घेतला, मग बोलायला उठले. ते इंग्रजीत बोलत होते आणि कंपनीचा अधिकारी हिंदीत सांगत होता. मला दोन्ही कळत होतं, म्हणून मी सगळं भाषण दोनदा ऐकलं.

गोड बोलण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. म्हणाले, माझ्या देशात जमिनीखाली खनिज आहे. राजधानीपासून खाणीपर्यंत रस्ता चकाचक आहे आणि खाणीच्या पुढच्या गावाला आजारी बाई खाटेवर घालून न्यावी लागते. ह्याला आमचे लोक विकास म्हणत होते, मीही म्हणत होतो. भ्रष्टाचार वरच्या माणसाच्या खिशात सुरू होत नाही, असं ते म्हणाले. आपलं काम झालं ना, मग कशाला बोला, असं ज्या दिवशी साध्या माणसाला वाटतं, त्या दिवशी त्याची सुरुवात होते. मग ते नेत्यांवर आले. ज्यानं खुर्ची विकत घेतली तो नेता नाही, दुकानदार आहे. माणूस कितीही भला असला तरी घेतलेला माल त्याला सुटा विकून पैसा काढावाच लागतो. आणि ज्याला लोकांनी फुकट निवडलं, त्यालाच लोक जाब विचारू शकतात. विकत घेणाऱ्याला विचारायला गेलं तर तो म्हणणार, मी कुणाचा देणेकरी नाही.

देवच धावून आला असं वाटलं मला. सात समुद्रांपलीकडून माणूस येतो काय आणि नेमकं आमच्याच देवळासमोर, नेमकं आजच, हे बोलतो काय! आता ह्यांच्या माना खाली जाणार, म्हणून मी पुरुषांच्या बाजूला बघितलं. सगळे माना डोलवत होते. गुत्तेदार पहिल्या रांगेत, आणि टाळ्याही त्याच्याच सगळ्यांत मोठ्या. देवळाच्या कमिटीचे म्हातारे अध्यक्ष माइकवर आले, म्हणाले, साहेब बिलकुल खरं बोलले, असे विचार ऐकायला भाग्य लागतं. आणि त्याच दमात सांगितलं की आता साहेब शेडनेट बघून येतील, तोवर गावानं जागचं हलू नये, देणगीचा कार्यक्रम आहे. एवढं सगळं त्यांच्या अंगावरून पाणी जावं तसं गेलं होतं.

इंग्रजी येतं म्हणून पाहुण्यांना नेट दाखवायचं काम माझ्याकडं दिलेलं होतं. ते नवऱ्यानंच सुचवलेलं. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. मला देवळापासून लांब ठेवायची ती सोय होती हे नंतर कळलं.

मी त्यांना मिरचीची क्रॉसिंग दाखवली. कळी उमलायच्या आधी ती उघडून आतले नर, म्हणजे पुंकेसर, चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. बाया दिवसभर वाकून हेच करतात. त्यांनी चिमटा मागून घेतला, स्वतः करून बघितलं, कळीच तुटली, तेव्हा स्वतःवरच खळखळून हसले. बायांना त्यांनी मजुरी विचारली, दुपारी कुठं बसता ते विचारलं, पाणी कुठून आणता ते विचारलं. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. त्याचं तोंड आमच्याच नेटकडं होतं. आधी गुत्तेदाराचं नाव आलं, मग आणखी कुणाचं, मग परत गुत्तेदाराचं, दर वेळी आकडा वर. आणि मग माझ्या नवऱ्याचं नाव आलं. मला वाटलं, भावकीतलं दुसरं कुणी असेल, आडनाव एकच आहे. पुन्हा आलं. बापाच्या नावासकट आलं. आता बायांनी कळ्यांवरून नजर काढली आणि माझ्याकडं बघायला लागल्या. ह्या त्याच बाया, ज्यांच्या घरी जाऊन मी मत मागितलं होतं. शेवटी भोंग्यातून टाळ्या आल्या, बजरंगबलीचा जयजयकार झाला, आणि एकेकजण खाली मान घालून परत कामाला लागली.

पाहुण्यांनी विचारलं, प्रार्थना चालली आहे का. मी सांगितलं, नाही साहेब, गावच्या प्रमुखाची खुर्ची विकली जात होती, आणि माझ्या नवऱ्यानं ती माझ्यासाठी विकत घेतली. माझी इच्छा नसताना घेतली. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी थट्टा करत नाही हे त्यांना कळलं होतं; असं तोंड करून कुणी थट्टा करत नाही.

आमच्याकडं कुठलीही गोष्ट मोठ्या माणसाच्या हातून झाली नाही तर ती झाली असं वाटतच नाही. हापशाला नारळ फोडायचा तरी कुणाचे तरी शुभहस्ते लागतात. मग पंतप्रधान आयता हाताशी असताना गाव सोडतं होय? आम्ही देवळाशी पोचलो तर माइकवर जाहीर झालेलंच होतं: नियोजित सरपंचांचा सत्कार, पाहुण्यांच्या शुभहस्ते. नवरा स्टेजवर उभा, पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांत पाणी, मला हात करून बोलवत होता. मला तिथूनच मागं फिरायचं होतं. पण सासूबाई समोर बसलेल्या, सगळं गाव बसलेलं, आणि खरं सांगते, मला अजून एक आशा होती. हा माणूस शाल घालणार नाही. इथंच उभा राहून एवढं बोलला, मी त्याला सगळं सांगितलं आहे, तो शाल बाजूला ठेवेल, आणि मग माझं काम सोपं होईल.

त्यांनी शाल उलगडली. मी इंग्रजीतच, हळू आवाजात म्हटलं, "साहेब, ही तीच विकत घेतलेली खुर्ची आहे. तुम्ही ती माझ्या अंगावर घालताय."

त्यांनी शाल माझ्या दोन्ही खांद्यांवर नीट बसवली आणि समोर बघत म्हणाले, "हसा मॅडम. फोटो काढतायत."

स्टेजवरून उतरताना ते जरा वाकले आणि अगदी आपुलकीनं मला समजावून सांगायला लागले. त्यांचं पहिलं पदही असंच आलेलं होतं म्हणे, सासऱ्यांच्या पैशानं. पुढं चांगलं काम करा, सुरुवात कशी झाली ते लोकांच्या लक्षात राहत नाही. मग गाडीत बसले, काच खाली करून हात हलवला, गेले जालन्याला. मेल्या, मग इतका वेळ आम्हाला काय शिकवत होतास? मी हे तोंडानं म्हटलं नाही, तेवढं राहून गेलं.

घरी आल्यावर मी ती शाल न्हाणीत फेकली आणि नवऱ्याला विचारलं, कुणाला विचारून केलं हे? तो आधी हसायला बघत होता. म्हणाला, तुझ्यासाठीच केलं, परत गुत्तेदाराच्या घरात जाऊ द्यायचं होतं का? मी म्हटलं, मी फॉर्म भरणार होते, मतदान होणार होतं, तुम्हाला माहीत होतं. तेव्हा कुठं खरं बाहेर आलं.

"मतदानात तू पडली असती," तो म्हणाला. "बाया ओट्यावर हो म्हणत्यात, मशीनपाशी गेल्या की नवऱ्याचं ऐकत्यात. तू पडलेली मला बघवली नसती."

"मंग पडू द्यायचं होतं. पडणार मी होते, तुम्ही नव्हते."

त्याला ते कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. त्याच्या मनात काही काळंबेरं असतं तर भांडून मोकळी झाले असते, माहेरी निघून गेले असते. पण हा बाबा रडवेला होऊन ताटावर बसून राहिला, आणि सासूबाई मलाच म्हणाल्या की असा नवरा शोधून मिळायचा नाही. तहसीलला तक्रार केली असती तर सगळं रद्द झालं असतं, पण पहिल्यांदा पोलिसांनी उचललं असतं ते त्यालाच. फॉर्म भरलाच नाही, तर पद दुसऱ्या नंबरच्या देणगीला, म्हणजे गुत्तेदाराच्या बायकोला. सगळीकडून माझी कोंडी करून ठेवली होती, आणि वरून सगळे अभिनंदन करत होते.

एकच वाट दिसत होती. मी फॉर्म भरायचा आणि माझ्याविरुद्ध आणखी कुणीतरी भरायचा, म्हणजे मतदान होईल. मी जाऊबाईंकडं गेले. त्या ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना विनवलं की तुम्ही उभ्या राहा, मला पाडा, निवडून आलात तर पहिला हार मी घालते. त्या शेंगा फोडतच राहिल्या. मग म्हणाल्या की फॉर्म भरला तर गाव त्यांना वाळीत टाकील, ऐन क्रॉसिंगमध्ये नेटवर एक बाई येणार नाही, मिरची उभ्या उभ्या जाईल. हे सगळं कशासाठी, तर तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून?

"तू पडशील म्हून भाऊजीनं विकत घेतलं," त्या म्हणाल्या. "आता तुला निवडून यायची हौस हाय, म्हून मी पडायचं. माह्या पडण्याचं काय, ते कोणी इचारलं का?"

मी चिडून उठून आले. वाटेत भांडणाची शंभर उत्तरं सुचली, एकही धड नव्हतं. तहसीलला फॉर्म भरला. दुसरा कुणाचा आलाच नाही. नवऱ्यानं टेंभुर्णीच्या चौकात बॅनर लावलं, त्यात मध्ये मी, एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला ते पाहुणे. राजूरच्या गणपतीला सगळ्या भावकीला घेऊन गेला, तिथं पेढे वाटले. मी गाडीतच बसून राहिले, पाय दुखतात म्हणून सांगितलं.

पहिली ग्रामसभा मी हट्टानं शाळेत घेतली. बायकांनी यावं म्हणून पुन्हा घरोघर फिरले, आणि त्या आल्या. मागं भिंतीला टेकून बसल्या, मधोमध जाऊबाई. मी पहिलाच ठराव मांडला: नेटच्या रस्त्याला बायकांसाठी स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ. दुसरं काही नाही, त्यांनीच सांगितलेलं काम, मी ते विसरलेले नव्हते. पुरुषांना त्याचं काही घेणंदेणं नव्हतं, ते मोबाईल बघत होते. मी म्हटलं, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.

हात वर आला नाही. मला वाटलं, लाजतात, पुरुषांसमोर सवय नाही. मी पुन्हा म्हटलं. कुणी बांगड्या फिरवत होती, कुणी मांडीवरच्या पोराचे केस सारखे करत होती. बरं, विरोध आहे का म्हणून विचारलं, तर तोही कुणाचा नाही. मग माझा पारा चढला. मी म्हटलं, अगं बायांनो, हे तुमच्यासाठीच आहे ना?

जाऊबाई उठल्या. पदर सारखा केला. माझ्याशी त्या आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो करून बोलल्या.

"सरपंचबाई," त्या म्हणाल्या, "खुर्ची घेतली तवाच आमचा हात मागायचा होता. आता तुमचं तुम्ही करा."

आणि खाली बसल्या. मी माइक धरून तशीच उभी. नवरा दारातून मला खुणावत होता, पुढं चल, पुढचा विषय घे. ग्रामसेवकानं मान वर न करता लिहिलं, विरोध नाही, सबब ठराव सर्वानुमते मंजूर, आणि चहा आला म्हणून सगळे उठले.